एकोणिसाव्या नंबरची शाळा

सोळा वर्षं मी वर्तमानपत्रात तक्ते करतोय. तापमान, भाजीचे भाव आणि वर्षातून एकदा शहरातल्या चोवीस शाळांची क्रमवारी. ती छापून आली की शहर त्याच नजरेने शाळांकडे बघायचं. मला केवढा माज होता म्हणून सांगू!

यंदा माझ्या लेकीची शाळा आली एकोणिसावी.

"अहो, रमलीय ती तिथे," बायको म्हणाली. "दोन वर्षं तोंडातून शब्द निघत नव्हता तिच्या. यंदाच्या वर्गाच्या बाईंमुळे उठून बोलायला लागलीय."

"एकोणिसावी आहे. छापून आलंय," मी म्हणालो. छापलं कुणी, तर मीच. पण छापून आलं की मलाही ते खरं वाटतं, हा माझा जुना आजार.

त्याच सकाळी मी दाखला काढला आणि लेकीला तिसऱ्या नंबरच्या शाळेत घातलं. ती रडली, तेव्हा मी तिला टक्केवारी समजावून सांगितली. आठ वर्षांच्या पोरीला! नव्या शाळेत ती पुन्हा गप्प झाली.

महिन्याभराने जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. "आमच्या नावापुढचे गुण आमचे नाहीत."

मी तोऱ्यात फाइल उघडली. शाळांची नावं अकारविल्हे लावताना शेजारचा गुणांचा रकाना मी तसाच सोडला होता, त्यामुळे एकीचे गुण दुसरीच्या नावापुढे गेले. लेकीची जुनी शाळा खरी चौथी. आणि लेकीची नवी शाळा? बाविसावी! दुरुस्ती सातव्या पानावर चार ओळींत आली. ती बायकोनेसुद्धा वाचली नाही.

लेकीला घेऊन मी जुन्या शाळेत गेलो. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"दुसऱ्या तुकडीत घेते तिला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तिची तुकडी बंद झाली. सत्तावीस मुलं गेली, मग बाईंनाही जावं लागलं."

"एका तक्त्यामुळे?"

"तक्ता वाचून लोक नुसते कुजबुजत होते हो. पण पहिला दाखला तुम्ही नेलात. फाटकाशी पालक म्हणाले, तक्ता करणाराच पोरगी काढतोय, म्हणजे त्याला आतलं काहीतरी माहीत असणार."

मी तसाच उठलो.

बाहेर येऊन मी लेकीला सगळं सांगितलं, माझी चूक न लपवता. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बाबा, आपण बाईंकडे जाऊ. तू चुकलास असं सांग त्यांना. कुठे असतात त्या आता?"

ते मी विचारलंच नव्हतं.