बेटावर राहिलेली हाक

केसर बोटीत नाही, हे बोट दिघीच्या धक्क्याला लागल्यावर कळलं. बाया कालवांच्या पाट्या डोक्यावर घेऊन उतरल्या, येसाजीने इंजिन बंद केलं, आणि मागून तिच्या भावाची, सदूची बोट आली. त्यातल्या बायाही उतरल्या. येसाजी बघत राहिला. सदू म्हणाला, "दाजी, ताई कुठं हाय?" येसाजीला वाटलं, मेव्हणा मस्करी करतोय.

खाडीच्या तोंडाबाहेर ते बेट आहे. ओहोटीला त्याच्या भोवतीचं खडप, पाण्याखालचा खडकाळ पट्टा, उघडं पडतं आणि बाया तिथे कालवं फोडायला जायच्या. पाणी फिरलं की बोटवाला उभा राहून एकेकीचं नाव घेऊन हाक मारायचा. जिचं नाव, ती लांबलचक ओ द्यायची आणि निघायची. ओ आली नाही तर बोट सुटायची नाही. या रीतीमुळे तोवर कोणी मागे राहिलं नव्हतं. येसाजी सगळ्यांची नावं घ्यायचा, फक्त बायकोचं नाही. बायकोला नावाने हाक मारणं त्याच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. घरातही तो तिला 'सुचिताचे आये' म्हणायचा. केसर न बोलावता यायची आणि इंजिनाजवळ बसायची. सदूच्या बायकोशी, ठमाबाईशी गप्पा मारायच्या असल्या की भावाच्या बोटीत जायची. त्या दिवशी ती दिसली नाही तेव्हा येसाजीला वाटलं, तिकडे गेली असेल. सदूनेही हाक मारली नाही. तिचा नवरा समोर असताना त्याने कशाला मारावी?

ते परत गेले तेव्हा खडप बुडालं होतं. तिची पाटी उंच दगडावर सापडली, भरलेली, वर ओलं फडकं. केसर सापडली नाही. पोलीस झाले, होड्या फिरल्या, किनाऱ्यावरच्या गावांना निरोप गेले. काही कळलं नाही.

याला वर्ष उलटून गेलं. बायांनी ते बेट सोडलं. येसाजी मात्र जातो, पर्यटकांना पक्षी दाखवायला.

देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींनी सगळं समजावून सांगितलं होतं. तिळाचं पाणी सोडताना नवऱ्याने तिचं नाव घ्यायचं, हेही सांगितलं. तिथेच येसाजी अडला. तळा गावी दिलेली त्यांची मुलगी सुचिता फोनवर रडायची, आईला असं अधांतरी किती दिवस ठेवणार म्हणायची. सदू एकदा चिडून बोलला, "गावच्या बायांची नावं जन्मभर वरडलात. आपलीचं घ्यायला लाज वाटती व्हय?"

लाज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव घ्यायचं, ते तिला वाटेला लावायला, एवढंच त्याला जमत नव्हतं.

थंडीत मुंबईहून विहंग आणि इरा आले, नवीन लग्न झालेलं जोडपं. त्यांना काकण बघायची होती, पांढऱ्या पोटाचा मोठा समुद्रगरुड. बोटीत बसताना इराने विचारलं, "काका, तुमचा गरुड आज सुट्टीवर नाही ना?"

"घरट्यात पिल्लू हाय," येसाजी म्हणाला. "सुट्टी कुठली."

पाणी सपाट होतं. खाडीबाहेर डॉल्फिनच्या पाठी दिसल्या आणि इरा कॅमेरा काढेपर्यंत बुडाल्या. विहंग तिला चिडवत राहिला. बेटावर उतरल्यावर येसाजीने त्यांना घरटं असलेल्या उंडीच्या झाडाखाली जाऊ दिलं नाही, लांबच बसवलं. काकण आली. तिच्या पायांत समुद्रसाप लोंबत होता. पिल्लाने मान वर केली. खाली पुळणीवर खेकडे बिळांतून बाहेर येत होते आणि कोणी हललं की सगळे एकदम आत जात होते. लाटांच्या कडेने कुरव पक्षी चालत होते. तिघांनी भाकरी आणि सुकट खाल्ली. इराने हात चाटले आणि सुकट कशी करतात ते विचारून घेतलं. येसाजीने सांगितलं, पण कोकम कधी घालायचं तिथे तो थांबला. ते केसरला माहीत होतं.

पाणी फिरलं. इरा फोटो काढायला गेलेली होती. विहंगने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "इराऽऽ!"

बेटाच्या मागून ओ आली.

विहंग निर्धास्त झाला आणि पिशव्या भरू लागला. येसाजी जागच्या जागी उभा राहिला. ती ओ लांब होती, शेवटी वर उचललेली, पाटी कमरेवर घेतलेल्या बाईची.

एवढ्यात इरा झाडांकडून आली, अगदी उलट्या बाजूने. विहंग म्हणाला, तू तर मागे होतीस ना, ओ दिलीस की. ती म्हणाली, "मी कुठे दिली? मी आले असं ओरडणार होते, तेवढ्यात तूच दिसलास." विहंग हसला, म्हणाला दगडांवरून आवाज फिरला असेल.

येसाजी त्यांना थांबायला सांगून मागच्या खडपावर गेला. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला लागलं. उंच दगड मोकळा होता. त्याने तोंड उघडलं. गळ्यात नाव आलं आणि तिथेच राहिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सुचिताचे आये, चल. भरती आली."

काही ऐकू आलं नाही. डोक्यावरून काकण ओरडत गेली. पाणी मांडीला लागल्यावर तो मागे फिरला.

परतताना इराने त्याच्या भिजलेल्या कपड्यांकडे पाहून विचारलं, आणि त्याने सगळं सांगितलं. इतकं त्याने सुचितालाही सांगितलं नव्हतं. इरा त्याच्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "काका, बोट परत फिरवा. मी मारते त्यांना हाक."

"न्हाय पोरी. ती माझ्यानंच मारायला हवी."

"मग मारली का नाही?"

येसाजीने सुकाणू घट्ट धरलं. "ओ आली तर तिला न्यायला बोट कुठं लावू? आन् न्हाय आली तर..." विहंगने इराचा हात दाबला.

धक्क्यावर सदू उभा होता. भटजींनी पुढच्या अमावास्येचा दिवस दिला होता, सुचिताही यायला तयार होती, आणि सदू या वेळी चिडलेला नव्हता. तो म्हणाला, "दाजी, मी बाजूला बसतो. तुम्ही फक्त नाव घ्या."

येसाजीने मान हलवली. ती हो होती की नाही, हे सदूला कळलं नाही, आणि त्याने परत विचारलं नाही.

ती अमावास्या गेली. तिच्यानंतरचीही गेली. केसरचा विधी अजून झालेला नाही.