मोजणीच्या टेबलाशी सासरे

नर्सबाईंनी आमदारकीला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला. सासरे पाच निवडणुका आमदारांचा उजवा हात होते. "मी शब्द फिरवणार नाही," त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं. "प्रचार त्यांचाच करणार."

"करा की, बाबा. फक्त गोळ्या वेळेवर घ्या," सून म्हणाली.

मग एकाच दारातून दोन प्रचार बाहेर पडू लागले. ती इस्पितळातल्या बंद पडलेल्या प्रसूती विभागाबद्दल बोलायची. नोकरी तिने त्यापायीच सोडली होती. निम्मं गाव मीच जगात आणलंय, पण मत द्यायचं त्याचं अजून वय झालं नाही, असं म्हणून ती सभेत हशा पिकवायची. सासरे चार गल्ल्या पलीकडे आमदारांची कामं सांगून घसा बसवून घ्यायचे. घरी आले की गुळण्यांना मीठपाणी तीच द्यायची.

मोजणीच्या दिवशी सासरे आमदारांचे प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसले. जाळीपलीकडून ती त्यांचा चेहरा वाचत होती. आघाडी सारखी खालीवर होत होती. शेवटच्या फेरीत ती थोडक्यात पुढे निघाली आणि आमदारांच्या माणसांनी एकच गलका केला, "गडबड झालीय! पुन्हा मोजा!"

आमदार स्वतः सासऱ्यांजवळ आले. "तुम्ही होतात ना इथे? सांगा यांना."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"साहेब, डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. मोजणी चोख झालीय. आपण हरलोय."

आमदारांचा चेहरा पडला. मग जुन्या सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी माणसांना गप्प केलं. जाता जाता ते तिच्यापाशी थांबले. "तो विभाग मी उद्यावर ढकलत राहिलो. तुम्ही ढकलू नका."

घरी माणसांची रीघ लागली. गर्दी ओसरल्यावर सासरे स्वयंपाकघरात आले.

"मत तुला दिलं नाही मी."

"ठाऊक आहे, बाबा."

"पण आता आमदार माझीही तूच. दवाखान्यापुढचा रस्ता खणून ठेवलाय, म्हाताऱ्या माणसांनी जायचं कसं? आणि तो विभाग कधी उघडतेस? मी विचारत राहणार. घरचा म्हणून गप्प बसणार नाही."

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "चला, आधी रस्ता दाखवा," म्हणत तिने चपला पायात सरकवल्या. बाबा तोवर जिना उतरायलाही लागले होते.