बळदातली डबी आणि मी

मित्रांनो, परभणीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाराआड लटकलेला जुना तक्ता, तो मीच. कडा पिवळ्या पडल्यात, पण अक्षर अजून ठसठशीत आहे. जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू घरात झिरपतो. तो श्वासातून आत गेला की शरीराला किरणांची किती मात्रा बसते, ते काढायचे गुणक माझ्या अंगावर आहेत.

सिताराम सरांनी मला हौसेनं काचेत मढवलं आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'आधी विचारा, श्वास कोणी घेतला आणि किती वेळ?' पोरं वह्या घेऊन माझ्यापुढं रांग लावायची. काय थाट होता माझा! पुढं गुणक सुधारले, कॉम्प्युटरात गेले, सर निवृत्त झाले आणि पोरं माझ्यावर ॲप्रन टांगू लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा संशोधन करणाऱ्या नीलमनं पिंगळीच्या कुसुमबाईंना रेडॉन मोजायची डबी दिली. झोपायच्या खोलीत तीन महिने टांगायची होती. डबी परत आली ती भलताच मोठा आकडा घेऊन! कॉम्प्युटरनं घरात राहण्याचे वर्षाला सात हजार तास धरून मात्रा काढली. बातमी पालमला पोचली. तिथं माहेरी बाळंत झालेली त्यांची सून धम्मशीला म्हणाली, "त्या घरात मी लेकरू आणणार न्हाई."

कुसुमबाई तडक प्रयोगशाळेत आल्या. नातवाचं तोंड पाहायला जीव तुटत होता. नीलमनं ॲप्रन उचलला आणि माझी लाल ओळ तिच्या नजरेस पडली.

"मावशी, डबी कुठं टांगली होती?"

"टांगली न्हाई बाई. पाहुण्यांची लेकरं वढतेत म्हून बळदात ठिवली, ज्वारीपाशी. वरून फळी लावली. लय जपली!"

"बळदात तुम्ही किती वेळ असता?"

"तिथं कोण झोपायलंय? डबाभर ज्वारी काढते अन् येते."

नीलमनं कपाळावर हात मारला. धान्याच्या त्या कोंदट कोठारात सात हजार तास राहते ती फक्त ज्वारी!

मग नवी डबी झोपायच्या खोलीत, तुळईला टांगली. तीन महिने कुसुमबाईंनी तिला बोट लावलं नाही. नीलमनं नव्या गुणकांनी मात्रा काढली, ती अगदी थोडी निघाली. दुसऱ्याच दिवशी धम्मशीला लेकराला घेऊन पिंगळीला आली.

मित्रांनो, माझे आकडे जुने झाले, ते खुशाल खोडा. ती लाल ओळ मात्र पुसू नका. तिच्यामुळं एक लेकरू आज आपल्या घरात श्वास घेतंय.