माझी मुकी पांढरी पाच

मी एक जुनी पायपेटी आहे. माझ्या अंगावर एकोणचाळीस पट्ट्या आहेत. तेवीस पांढऱ्या, सोळा काळ्या. पायांनी दाबायचे पाटे दोन. भात्यावर चामड्याची ठिगळं चार. आत पितळी सूर एकोणचाळीस, त्यांतले वाजणारे अडतीस. न वाजणारा सूर मधल्या सप्तकातल्या पांढरी पाचचा. मित्रांनो, माझ्या आयुष्याची गोष्ट मुख्यतः त्या एका न वाजणाऱ्या सुराची आहे.

कोल्हापुरात एका कारागिराने सागाच्या फळ्यांची माझी पेटी बांधली. मी एसटीच्या टपावर बसून फोंडाघाट उतरले, तळेऱ्याला गाडी बदलली आणि देवगडजवळच्या एका खाडीकाठच्या गावात आले. मला आणणारे सिप्रियन मास्तर शाळेत गणित शिकवत आणि रविवारी चॅपेलमध्ये मला वाजवत. भाता भरताना त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा जोरात पडे. तो फरक माझ्या पाट्यांवर अजून दिसतो.

१९६१ च्या मे महिन्यात मास्तरांचा भाऊ इनास गलबतातून आंब्याच्या करंड्या घेऊन मुंबईला गेला. परतायच्या दिवशी गलबत आलं नाही. त्यानंतर अकरा दिवस आलं नाही. गावात तेव्हा खुर्साची लादीन चालू होती. लादीन म्हणजे वाटेवरच्या क्रुसासमोर उभं राहून सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, आणि शेवटी उकडलेले चणे. त्या अकरा दिवसांत मास्तरांनी चार ओळींचं एक गीत रचलं. तिसरी ओळ होती, "वाटेवरच्याक, सायबा, घराक पावय." म्हणजे वाटेवरच्याला, देवा, घरी पोचव. 'सायबा'नंतर त्यांनी एक लांब स्वर ठेवला. त्याला शब्द नव्हता. खाडीपलीकडच्या होडीवाल्याला बोलावताना इथली माणसं जशी "होऽऽ" म्हणतात, तशी ती हाक होती. ती माझ्या पांढरी पाचवर बसली. बाराव्या दिवशी गलबत आलं. डोलकाठी मोडलेली, इनास उभा. त्या संध्याकाळी माणसांनी अशी हाक घातली की माझा भाता कमी पडला.

मास्तर १९७४ साली वारले. त्याच वर्षी माझ्या मागच्या फाटक्या जाळीतून एक माशी आत शिरली. ती कुंभारीण होती, मातीचं घर बांधणारी. तिने नेमकी पांढरी पाचच्या सुराची जागा निवडली. मला ते कळत होतं, पण वाजल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मे महिन्यात नवे मास्तर वाजवायला बसले. तिसऱ्या ओळीत त्यांनी पट्टी दाबली आणि काहीच वाजलं नाही. त्यांचा हात तसाच राहिला. लोकांना वाटलं, सिप्रियन मास्तरांच्या आठवणीने ते थांबले. सगळे थांबले. कोणीतरी हुंदका दिला. मग हळूच "घराक पावय". सूर बिघडलाय हे नव्या मास्तरांना समजलं होतं. पण लोकांचे चेहरे पाहून ते बोलले नाहीत. त्यांनी पट्टी दुरुस्तही केली नाही. बाकीच्या गाण्यांत ते वरची पांढरी पाच वाजवत.

पुढच्या वर्षी सगळे आपोआप थांबले. त्या जागेत प्रत्येकजण मनातल्या मनात एक नाव घेऊ लागला. ज्याची वाट पाहायची त्याचं. शेजारच्या बागांतली हिंदू माणसंही त्या संध्याकाळी खुर्साजवळ येऊन उभी राहू लागली, कारण बाहेर गेलेलं माणूस त्यांच्याही घरात होतं. गावची मुलं वसईला गेली, दोहाला गेली. तिथेही ती हे गीत म्हणतात आणि तिथेही तिसऱ्या ओळीत थांबतात. मी जिथे कधी गेले नाही, तिथे माझी मुकी पट्टी पोचली.

दरम्यान चॅपेलमध्ये कीबोर्ड आला. मी मेणबत्त्यांच्या खोक्यांखाली गेले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, मला बाहेर काढत आणि ओल्या फडक्याने पुसत. मित्रांनो, जुन्या लाकडाला कोरडं फडकं लागतं.

मास्तरांची मुलगी सेलेस्तीन लग्न होऊन म्हापशाला गेली होती. तीन वर्षांपूर्वी ती गावात परतली. आता ती शहात्तर वर्षांची आहे. पहिल्याच लादीनीला तिने कपाळाला हात लावला. तिच्या लक्षात होतं ते गीत आणि हे गीत यांत एका हाकेचा फरक होता. यंदा डॉक्टरांनी तिला सांगितलं की तिचे कान वर्षभरात बहुतेक जातील. तिने आपली नात सँड्रीना हिला बोलावलं. सँड्रीना नुकतीच फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली आहे.

"माका एकदा बापाशीची हाक आयकूची आसा," सेलेस्तीन म्हणाली. "मगे कान गेले तरी चलतीत."

सँड्रीनाने माझं झाकण उघडलं, स्क्रू क्रमाने कागदावर मांडले. एवढ्यात शेजारची सुगंधा काकी आली. तिचा मुलगा समर्थ बोटीवर नोकरी करतो.

"काय खुडबुड करतंस गो? बरी वाजता ती. तशीच ऱ्हवांदे."

"बरी खंय?" सेलेस्तीन म्हणाली. "एक पट्टी मुकी आसा."

"त्या गप्प जाग्यार मी माझ्या समर्थाचा नाव घेतंय. पेटी ओरडली तर नाव खंय घेव?"

"वर्साक एकदा गप्प ऱ्हवतंस तू. बाकीचे दीस तुझा तोंड खंय बंद आसता?"

सुगंधा हसली नाही. "एकवीस दीस झाले," ती म्हणाली. "फोन नाय तेचो."

सेलेस्तीनने तिला आपल्या बाकावर जागा करून दिली.

"कुंभारणीचा घर आसा हंय!" सँड्रीना ओरडली. "पाच खोलये. सगळे रिकामे." तिने ते एका डबीत काढून ठेवलं, सूर ब्रशने साफ केला, पट्टी दाबली. एक्कावन्न वर्षांनी मी तो स्वर ऐकला. तो किंचित खाली होता.

तिने दोघींकडे पाहिलं. "मी वाजयतलंय," ती म्हणाली. "गाऊचा काय गप्प ऱ्हवाचा, ता ज्येचा तेना ठरवचा."

मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करायची तर जरूर करा. पण तिच्या बिघाडात कोण राहायला आलं आहे, ते आधी विचारा. आणि जे काढाल ते फेकू नका, डबीत ठेवा.

लादीनीच्या संध्याकाळी मला खुर्सासमोर ठेवलं. सँड्रीनाने फोन रेकॉर्डिंगला लावला. सेलेस्तीन माझ्या शेजारी खुर्चीवर बसली आणि तिने डावा तळवा माझ्या फळीवर टेकवला. कान दगा देतील, फळीतली थरथर देणार नाही, असं सँड्रीनाने तिला शिकवलं होतं. सुगंधा तिच्या मागे उभी होती.

तिसरी ओळ आली. "वाटेवरच्याक, सायबा..."

सगळे सवयीने थांबले. सँड्रीनाने पांढरी पाच दाबली. सेलेस्तीनने हाक घालायला तोंड उघडलं. मग मिटलं. तिचे ओठ हलत होते. सुगंधाचेही हलत होते. सेलेस्तीनचा तळवा फळीवरून उठेपर्यंत सँड्रीनाने बोट उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मोजलं. मागच्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती रिकामी जागा अडीच सेकंदांची होती. यंदा स्वर ३८९ हर्ट्झ. लांबी सहा पूर्णांक दोन दशांश सेकंद. उभी माणसं बेचाळीस, बसलेली दोन. गाणारे आवाज शून्य.