तेवीस नंबरचं घर

टिल्लीला बावन्न सरून त्रेपन्नावं लागलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते, कचेरीत हाताखाली वीस माणसं होती आणि त्यातली निम्मी तिला टरकून होती. पण वसाहतीच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि बाई पुन्हा टिल्लीच झाल्या. वडील गेले, घर विकायला काढलं, म्हणून सामान आवरायला आले, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळंच होतं. तेवीस नंबरातल्या शिलाईकाकूंना तिला एक गोष्ट सांगायची होती. एकेचाळीस वर्षं ती गोष्ट तिने पोटात दाबून ठेवली होती, आणि काकू आता ब्याऐंशीच्या झाल्या होत्या. आज नाही तर मग कधीच नाही.

वसाहत नवी होती तेव्हाची ही गोष्ट. नवी म्हणजे किती नवी? भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची. रस्ता अजून नकाशातच होता, चिखल मात्र पायाशी होता. झाडं लावली होती, पण आधाराला रोवलेली काठी झाडापेक्षा जाड. आणि घरं चाळीसच्या चाळीस एका साच्यातली. उजवीकडे स्वयंपाकघर, डावीकडे जिना, जिन्याखाली अडगळ. डोळे बांधून कुणाच्याही घरात सोडलं तरी पोरं बरोबर मोरीत जाऊन पोचायची.

टिल्लीचे वडील बाटल्यांच्या कारखान्यात होते. एकदा डबल पाळी करून आले ते आपलं सतरा नंबर सोडून सरळ पंधरा नंबरात शिरले, बूट काढले, "चहा टाक गं" म्हणाले आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. पंधरा नंबरवाली महाबेरकी. तिने हूं की चूं न करता चहा करून हातात दिला. वडील प्याले आणि म्हणाले, "वा, आज जमलाय." टिल्लीच्या आईने हे वाक्य त्यांना मरेपर्यंत ऐकवलं.

ठेकेदार असा चिक्कू, की त्याने कुलपंसुद्धा घाऊक आणली होती. चाळीस दारांना मिळून किल्ल्या फार तर चार तऱ्हेच्या असतील. मोठ्यांना याचा पत्ता नव्हता. कोण कशाला आपली किल्ली दुसऱ्याच्या दाराला लावून बघेल? टिल्लीला पत्ता लागला तो वेंधळेपणामुळे. अकरा वर्षांची होती. शाळेतून घरी येताना तंद्रीत एक ओळ चुकली, दार उघडलं, दप्तर फेकलं, आणि समोर बघते तर शिलाईकाकूंचं मशीन!

शहाण्या मुलीने दार ओढून धूम ठोकली असती. टिल्ली बसली. तिची आई टेलिफोनच्या कचेरीत, वडील कारखान्यात, घरी संध्याकाळपर्यंत चिटपाखरू नाही. आणि इथे तर तिचंच घर होतं, तीच खिडकी, तोच जिना, पण पडदे होते, गादीची खुर्ची होती, भिंतीवर फोटो होते. आपलं घर मोठं झाल्यावर असं दिसेल, असं तिला वाटलं. मग ती वरचेवर जायला लागली. काकू कपड्यांच्या कारखान्यात दुपारपाळीला, त्यांचे यजमान मालमोटार घेऊन आठ-आठ दिवस बाहेर, मुलगा मोठ्या शाळेत. टिल्ली अर्धा तास खुर्चीत बसायची आणि निघून यायची. कशाला हात लावायची नाही. तो दिवस येईपर्यंत तरी नाही.

काकूंचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहायला होता. भाचा मामा म्हणायचा म्हणून अख्खी वसाहत त्याला मामा म्हणायची. मामा वायरमन, दिवसभर कामावर बाहेर. चाळीस घरांच्या घंटा त्यानेच बसवल्या. टिल्ली संध्याकाळी एकटी घाबरते हे कळल्यावर त्याने न सांगता तिच्या पायरीवर एक दिवा लावून दिला होता, आणि वर म्हणाला होता, "आता भुतांना तुझा पत्ता नीट दिसेल." पण मामाचं मागचं खातं काही धड नव्हतं. पूर्वी प्यायचा, आणि एकदा बहिणीचं घड्याळ विकून प्यायला होता. दोन वर्षं झाली होती सोडून. काकूंनी त्याला घराची किल्ली दिली, त्या दिवशी तो ती सगळ्यांना दाखवत फिरला होता.

काकू घरीही शिवायच्या. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा लग्नाचा झगा शिवून टांगला होता. मोतिया रेशमाचा, पायघोळ. टिल्लीने तो नुसता बघितला. मग नुसता हात लावला. मग नुसता अंगाला लावून बघितला. 'नुसतं' करता करता झगा अंगात कधी गेला ते तिला कळलंही नाही. आरशात खालचा घेर दिसेना म्हणून ती स्टुलावर चढली. उतरताना झग्याच्या काठावर पाय पडला आणि कमरेपासून खालपर्यंत चर्र झालं.

पोरीने घाईघाईने झगा उतरवला. आणि अकरा वर्षांच्या डोक्यात जी अक्कल येते तीच आली. झगाच नसला तर फाटलेला दिसणार कुठून? मागे चाळिसांपलीकडच्या नव्या घरांचं बांधकाम चाललं होतं. तिने झगा सिमेंटच्या रिकाम्या गोणीत कोंबला आणि पायाच्या चरात टाकला, वरून चार घमेली माती लोटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काँक्रीट पडलं. झालं. लग्नाचा झगा कुणाच्या तरी स्वयंपाकघराखाली कायमचा गेला.

त्याच दिवशी काकू पाळीला गेल्या नाहीत, आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला रस्त्यावर आवाज चढले. टिल्ली माडीच्या खिडकीतून बघत होती.

"कुलूप तुटलं नाही, कडी तुटली नाही," काकू ओरडत होत्या. "किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, एक तुझ्या खिशात. मग काय भूत येऊन घेऊन गेलं?"

"ताई, मी नाही नेला. तुझ्या लेकाची शपथ."

"माझ्या लेकाची शपथ घेऊ नकोस! किल्ली ठेव इथे आणि तोंड काळं कर."

मामाने किल्ली कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवली. पडू नये म्हणून जरा आत सरकवली. अवजारांची पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. सतरा नंबरखालून जाताना त्याने वर बघितलं, आणि सवयीने टिल्लीला हात केला. टिल्ली खाली बसली.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं होतं. उद्याचा परवा झाला, परवाचं वर्ष झालं. काकूंकडची बाहेरची शिलाई बंद पडली. डॉक्टरीणबाईंनी चारचौघांत त्यांना नको नको ते ऐकवलं होतं. टिल्ली शिकली, नोकरीला लागली, दूर गेली. वडिलांना भेटायला आली की तेवीस नंबरची ओळ टाळून लांबच्या रस्त्याने यायची. वडील म्हणायचे, "हिला पाय मोकळे करायची भारी हौस." कसली हौस न् कसलं काय! मेलं मन खात होतं तिचं.

तर आता ती त्या दारात उभी होती. घंटा दाबली. दार उघडलं ते एका वाळक्या, उंच म्हाताऱ्याने.

"कोण पाहिजे?" त्याने डोळे बारीक केले. "अगं, तू सतरा नंबरची टिल्ली ना?"

मामा! हा परत आला होता, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? तिने कधी कुणाला विचारलं होतं? क्षणभर तिला आनंदच झाला. सगळं आपोआप मिटलं, आपण उगाच जीव जाळला, असं वाटलं.

काकू खुर्चीत होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या, पण आवाज तोच खणखणीत. "बस गं. वडिलांचं कळलं हो. देवमाणूस!" मग भावाकडे मान उडवून म्हणाल्या, "याला ओळखलंस? नऊ वर्षं झाली परत येऊन. तुला ते झग्याचं आठवतंय की नाही? लहान होतीस म्हणा तू."

"आठवतंय," टिल्ली म्हणाली.

"बत्तीस वर्षं हा नाहीच म्हणत होता. नाही म्हणजे नाही! मीही हट्टाला पेटले. आमचे हे गेले तेव्हा फाटकापर्यंत आला होता, तरी आत घेतला नाही. शेवटी आली अक्कल. लिहिलं पत्र, की ताई, मीच नेला, मला क्षमा कर. मग मी पण मन मोठं केलं. रक्ताचं नातं आहे, टाकणार कुठे?"

मामा टेबलाशी बसून मटार सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

आतल्या खोलीत फोन वाजला. "लेकाचा असेल, परदेशातून. बस हं," म्हणत काकू भिंत धरत आत गेल्या, आणि तिकडून त्यांचा मोठा आवाज यायला लागला.

"मामा," टिल्ली म्हणाली. "झगा तू नव्हता नेलास."

"ते मला ठाऊक आहे," मामा म्हणाला. "मीच नव्हता नेला, तर मला ठाऊक नसणार?"

"मी नेला." आणि मग धरण फुटल्यासारखं तिने सगळं सांगितलं, किल्ली, खुर्ची, स्टूल, गोणी, काँक्रीट. मामाचे हात थांबले होते.

"तुमची किल्ली लागायची?" तो म्हणाला. "चाळीस घरांच्या घंटा लावल्या मी. कुलपाकडे एकदा बघितलं नाही."

"पण तू कबूल का केलंस?"

"अकरा पत्रं लिहिली, नाही नेला म्हणून. अकराही न फोडता परत आली. मग कार्ड लिहिलं, उघडं, एका ओळीचं. नेला. चार दिवसांत उत्तर आलं, ये म्हणून." त्याने एक शेंग उचलली आणि तशीच ठेवली. "एकटा होतो गं. आजारी होतो. घरी यायचं होतं."

टिल्लीला रडू आवरेना. ती उठली. "मी आत्ता सांगते काकूंना. आत्ताच्या आत्ता."

मामाने तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर होता. "खबरदार! तिचे किती दिवस राहिलेत? ज्याने काहीच केलं नव्हतं त्या भावाला बत्तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, हे तिला आता कळू देऊ? तुझं ओझं उतरावं म्हणून?"

"मग मी काय करू, मामा?"

"ते मला नको विचारू."

"मला माफ..."

"आज नको," मामा म्हणाला, आणि मनगट सोडलं. "मी तुला चांगली पोर समजत होतो. जरा वेळ लागेल."

टिल्ली खाली बसली. लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंही वाटलं. आता सांगायला नको होतं, आणि न सांगणंच चांगुलपणाचं ठरत होतं. स्वतःच्या त्या सुटकेची तिला शिसारी आली.

काकू परत आल्या. चहा झाला. लेकाचं, सुनेचं, पाठदुखीचं बोलून झालं. टिल्ली हो हो म्हणत राहिली. निघताना तिने वाकून काकूंना नमस्कार केला, आणि त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "गुणाची गं माझी बाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तिच्या खांद्यावरच्या पर्सकडे बोट केलं. "आणि पर्समधलं सगळं जागेवर आहे का बघ हो जाताना. आमच्याकडे घरचाच चोर आहे!"

गंमत त्यांची रोजचीच असावी. कारण मामा आधी हसला, जोरात, ठरल्यासारखा. मग काकू हसल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. दोघंही आता टिल्लीकडे बघत होते.

टिल्लीही हसली.