चारशे सतरा आणि बावीसशे तीन

अगं थांब, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक.

माझी आधीची फोन कंपनी आठवते ना, चपलांच्या दुकानावरची? बावीस टॉवर आणि एक गळका एसी. तरी आम्ही एक छोटी कंपनी गिळली, मग अजून एक. दर वेळी नवी पाटी, नवे कप, आणि महिन्याभरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एकाच कामाला दोन माणसं झाली की एकाला नारळ!

मग कुजबुज सुरू झाली, आता आपल्यालाच कोणीतरी गिळणार. ताईची नोकरी अशाच एका गिळण्यात गेलेली, बाबा रिटायर, घरात माझीच काय ती उरलेली. म्हटलं, आपली पाळी यायच्या आत सटकावं. गुपचूप सगळ्यात मोठ्या कंपनीत अर्ज टाकला, तिथेही तक्रार विभागच मिळाला. राजीनामा साहेबांच्या हातात दिला, त्यांनी न वाचताच खणात टाकला, आणि चार दिवसांत त्यांनाच नारळ. खण तसाच बंद.

नव्या ऑफिसात माझा तिसरा दिवस. टाळ्या, केक, घोषणा: आपण आणखी एक कंपनी घेतली! कोणती? चपलांच्या दुकानावरची! जिच्यापासून पळाले, ती बया माझ्या मागोमाग आली गं.

इथे कोणाला काढायचं ते एकदम चोख ठरवतात बरं का. वशिला नको म्हणून यादीत नावं नाहीत, नुसते नंबर. मुलाखतसुद्धा फोनवर, म्हणजे तोंड बघून कोणी विरघळायला नको. दहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"बावीसशे तीन? तुमच्याच जागेवर त्या कंपनीची चारशे सतरा आहे. एकीलाच ठेवणार. तिच्यापेक्षा तुम्ही का?"

चारशे सतरा! अगं, तो माझाच जुना नंबर! राजीनामा खणातच राहिला, म्हणजे तिथल्या कागदावर मी अजून आहेच! तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "थोडक्यात." आणि मी, मूर्ख, थोडक्यात बोलून मोकळी झाले: "तिला चिकाटी नाही, मॅडम. कंपनी डळमळली की पळणाऱ्यातली आहे."

अकराला मोबाईल. "चारशे सतरा?"

तेव्हा तरी सांगायचं ना? पण तासाभरापूर्वी जे बोलले ते कुठल्या तोंडाने परत घेणार? शिवाय मला खरंच राग आला होता. चार वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि चिकाटी नाही? नाक दाबून म्हटलं, "ती बावीसशे तीन परवा आलीये, मॅडम. तिला टॉवर कुठे आहेत तेही माहीत नाही."

"आवाज ओळखीचा वाटतो."

"तक्रार विभागात सगळ्यांचा असाच होतो, मॅडम."

हसल्या! मला वाटलं, जमलं. कोणीही जिंको, मीच उरणार. घरी सांगितलं तर ताई म्हणते, "दोघी आहात ना? मग एकीला भांडी घासायला लाव." आई मात्र हसली नाही. "उद्या जा आणि खरं सांग," एवढंच.

उद्या कसलं! सकाळीच पत्र हजर. दोन पत्रं, एक टेबलावर, एक मोबाईलवर. चारशे सतरा जिंकली. बावीसशे तीनला नारळ. आणि खाली ओळ: जाणारीने राहणारीला मॅडमच्या केबिनमध्ये, समोरासमोर बसून, काम समजावून द्यावं. दोघींच्या सह्या तिथेच. उद्या दहा वाजता. खोटी माहिती आढळल्यास दोघींचीही नेमणूक रद्द.

मॅडमनी आत्ताच फोन करून बजावलंय, केबिनमध्ये दोन खुर्च्या लावून ठेवल्यात, दोघींनी वेळेवर या. मी दोन्ही फोनवर "हो" म्हणून बसलेय!

हसू नकोस गं. खरं सांग, तू काय केलं असतंस?