पुढचा म्हणजे कुणाच्या पुढचा

“नेक्स्ट फ्रायडेला येते. दुपारच्या गाडीनं. बाबांना घेऊन,” सेंगा म्हणाली आणि आर्चीने काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला.

आर्ची गिलफिलन फोनकडे बघत राहिला. बाबांना घेऊन येण्यात नवल नव्हतं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांची राख या बहिणीकडे, तिकडे दक्षिणेत इंग्लंडमध्ये, स्विंडनला, टीव्हीशेजारच्या डब्यात होती. ती ऑखमिथीच्या धक्क्यावरून समुद्रात सोडायची, ही म्हाताऱ्याचीच इच्छा. घोळ होता तो ‘नेक्स्ट फ्रायडे’चा. आज मंगळवार. नेक्स्ट म्हणजे पुढचा, हे कबूल. पण कुणाच्या पुढचा? आजच्या, की येत्या शुक्रवारच्या?

आर्ची स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथच्या बसगाड्यांवर तिकीट तपासनीस होता. संशय हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. उतारू झोपलेला दिसला की ही झोप खरी कशावरून, हा पहिला विचार. चर्चमध्ये शेजारच्याने डोळे मिटले तरी त्याचा हात खिशातल्या बिल्ल्याकडे जायचा. आणि बहीण म्हणजे तर मुळातच संशयास्पद. बापाने ‘अ‍ॅग्नेस’चं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचून तिचं नाव सेंगा ठेवलं होतं. जिचं नावच उलटं, तिचा शुक्रवार सुलटा कसा असेल?

बाप गेला तेव्हाही तिने फोनवर हेच सांगितलं होतं, “अंत्यविधी नेक्स्ट फ्रायडेला.” आर्ब्रोथमध्ये येतो तो ‘धिस फ्रायडे’ आणि त्यानंतरचा ‘नेक्स्ट’, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या हिशेबाने काळा टाय लावून, पुष्पचक्र काखेत धरून आर्ची स्विंडनला पोचला, तर सेंगाचा नवरा कीथ दारात मोटार धूत होता.

“एवढा नटूनथटून कुणाच्या मयताला निघालास रे?” कीथने विचारलं.

कीथच्या मुलखात नेक्स्ट म्हणजे सगळ्यात आधी येईल तो. बापाला पोचवून आठवडा झाला होता. सेंगा म्हणाली, मुद्दाम उशिरा आलास. आर्ची म्हणाला, मुद्दाम चुकीचं सांगितलंस. पुष्पचक्र त्याने कीथच्या मोटारीवर ठेवलं आणि परतीची गाडी धरली. मग नाताळची कार्डं तेवढी येत-जात राहिली, नुसत्या सहीची. ती सही तिचीच कशावरून, हाही प्रश्न त्याच्या मनात होताच.

डेपोच्या कँटीनमध्ये त्याने विषय काढला.

“नेक्स्ट म्हणजे पुढच्या आठवड्यातला,” ड्रायव्हर टॅम म्हणाला. “त्यात विचारायचं काय?”

“मग कुणी म्हटलं नेक्स्ट स्टॉपला उतरायचंय, तर एक स्टॉप सोडून थांबतोस काय रे?” चहा ओतणाऱ्या इनाने विचारलं.

टॅमने विचार केला. “कधी कधी थांबतो.”

आर्चीने हे मनात टिपून ठेवलं.

“बहिणीला फोन करून विचार की सरळ,” इना म्हणाली. “जीभ झडते का?”

“विचारलं तर म्हणेल, बघा, याला अजून कळत नाही. पुन्हा फसवायचा डाव असेल तिचा.”

“आणि पुन्हा चुकलास तर?”

आर्चीने कप खाली ठेवला. “तर संपलंच, इना. तिसऱ्यांदा पोचवायला बाप कुठून आणू?”

दोन दिवस त्याने डोकं लढवलं. शेवटी ठरवलं की ती इतकी वर्षं तिकडे राहते, तेव्हा शुक्रवार तिचाच धरायचा. त्याने रजा बदलून घेतली, शुक्रवारी काळा टाय लावला, दोघांपुरते धुरावलेले हॅडॉक आणून ठेवले आणि स्टेशनवर जाऊन उभा राहिला. दुपारची गाडी आली. एक बाबागाडी उतरली, दोन पाद्री उतरले, एक बाई शिडी घेऊन उतरली. सेंगा नाही. त्यानंतरच्या गाडीलाही नाही. आर्ची घरी आला आणि दोन्ही मासे त्याने एकट्याने, सूड घेतल्यासारखे खाल्ले. फोन मात्र केला नाही. फसलेल्या माणसाने आपण फसल्याचं कळवायचं नसतं.

पुढल्या शुक्रवारी, रजेची परतफेड म्हणून, तो कामावर होता. दुपारी स्टेशनवरून सुटलेल्या ऑखमिथीच्या बसमध्ये तो मधल्या थांब्यावर चढला. पहिल्याच रांगेत हिरव्या कोटातली एक पिकलेल्या केसांची बाई बसली होती. शेजारच्या जागेवर शालीत गुंडाळलेला डबा.

“तिकीट,” आर्चीच्या तोंडून गेलं. मग त्याने बाईचा चेहरा पाहिला.

“स्टेशनवर तासभर उभी होते तुझ्यासाठी,” सेंगा म्हणाली. “मग म्हटलं, येतच नाहीस, तर बापलेक जातो आपले.”

“मी उभा होतो. गेल्या शुक्रवारी. टाय लावून.”

“गेल्या? अरे, तुमच्याकडे नेक्स्ट म्हणजे त्याच्या नंतरचा ना! मी मुद्दाम तुझा शुक्रवार धरला.”

“मी मुद्दाम तुझा धरला.”

दोघंही खिडकीबाहेर बघू लागली. ‘मुद्दाम’ हा शब्द त्या घरात चांगल्या अर्थाने पहिल्यांदाच वापरला गेला होता आणि त्याचं पुढे काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“यांचं?” आर्चीने डब्याकडे बोट दाखवलं. सवय, दुसरं काय.

सेंगाने मूठ उघडली. दोन तिकिटं होती. “गाडीवर कोण भेटेल, सांगता येत नाही.”

“म्हाताऱ्यांना फुकट असतं इकडे.”

“ओळखपत्र नव्हतं त्यांच्याजवळ.”

आर्चीने दोन्ही तिकिटं नीट तपासली. तारीख बरोबर होती. एकाचा कोपरा फाडून ते त्याने सेंगाला परत दिलं. दुसरं तसंच, न फाडता, वरच्या खिशात ठेवलं. मग डबा उचलला, त्या जागेवर बसला आणि डबा मांडीवर घेतला. कामावर असताना तो आजवर कधी बसला नव्हता.

मागच्या दारातून एक बाई पर्स घट्ट धरून, कुणाकडे न बघता, घाईघाईने उतरली. तिच्याकडे तिकीट नव्हतं. आर्चीने ते पाहिलं होतं.

पुढे कड्यावरचं वळण आलं. टॅमने ते नेहमीसारखंच जोरात घेतलं. आर्चीने दोन्ही हातांनी डबा धरून ठेवला.